जासईचं मीठ आणि मावशीच्या पेशी

पनवेलच्या खांदा कॉलनीतून निघालो तेव्हा गाडीत पुढे आम्ही दोघं होतो आणि मागच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेला, एक सूक्ष्मदर्शक. माझी पत्नी सुनंदा नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शाळेचं हे यंत्र तिने मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन शनिवारपुरतं आणलं होतं. पट्टा लावायची कल्पना माझी.

"माझी आई मागे बसली होती तेव्हा नाही आठवला पट्टा," सुनंदा म्हणाली. मी गाडी सुरू केली.

जायचं होतं जासईला. गावाकडच्या वाचकांसाठी सांगतो की पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं की वीस किलोमीटरच्या आत हे गाव येतं. आमच्या घरातून मंडईत जाऊन यायचं म्हटलं तरी कधी कधी तेवढाच वेळ लागतो, तेव्हा याला प्रवास म्हणायचं का, अशी शंका कोणी काढली तर ती रास्त आहे. पण त्या दिवशी जे पाहिलं ते पन्नाशी ओलांडेपर्यंत मी कुठेही जाऊन पाहिलं नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

जासईत हिरामावशी राहतात. नात्याने त्या माझ्या कोणी लागत नाहीत. नोकरीसाठी मी या भागात आलो तेव्हा त्यांच्या घराची एक खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच वर्षी मला विषमज्वर झाला. माझी आई साताऱ्याहून येईपर्यंत या बाईंनी मला पेज भरवली, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि बरा झाल्यावर त्याचा उल्लेखही केला नाही. तेव्हा त्यांचं मिठागर चालू होतं. आता त्या जागेवर भराव पडून कंटेनरचं यार्ड झालं आहे.

गेल्या काही महिन्यांत मावशींच्या गळ्यावर, पुढच्या बाजूला, एक गाठ वाढली होती. सोनोग्राफी झाली होती. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली होती, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढून त्या काचेवर बघायच्या. मावशी त्याला तयार नव्हत्या. मुलाचं ऐकलं नाही, सुनेचं ऐकलं नाही. शेवटी सून सुरेखाचा मला फोन आला, "भाऊ, तुम्ही एकदा येऊन बघा. तुमचं ऐकतात त्या." हे काही खरं नाही. मावशी माझं कधीच ऐकत आलेल्या नाहीत, पण फोन आल्यावर घरी बसवेना.

माघातली सकाळ होती. गव्हाण फाट्यापाशी नेहमीप्रमाणे ट्रेलरची रांग लागलेली. कंटेनरच्या रंगीत भिंतींमधून आमची गाडी मुंगीसारखी सरकत होती. मी सुनंदाला विचारलं, "यंत्र घेऊन नक्की काय करणार आहेस?"

"माहीत नाही. पण नुसतं समजावून काही होणार नाही. सगळ्यांनी समजावून झालंय."

मावशी ओटीवर (घरापुढच्या पडवीत) वाल सोलत बसल्या होत्या. गळ्याला पदर गुंडाळलेला.

"काय रं हिशेब्या, आलास? वाटेवरचं खड्डं मोजलंस का?" मी त्यांच्याकडे राहत होतो तेव्हा घासलेट किती दिवस पुरतं याचा हिशेब काढत असे, तेव्हापासून माझं हे नाव आहे.

"मोजायला सुरुवात केली होती मावशी, पण मग ट्रेलर आडवे आले."

"आनि हे पेटीत काय? हार्मोनियम?"

सुनंदा हसली आणि सरळ विषयावर आली. सुईला नाही का म्हणताय, असं तिने विचारलं. मावशींनी वालाची शेंग मोडली.

"सुई लावली का गाठ खवळते. शेजारच्या पारूला लावली. वरीस नाय काढलं तिनं."

"मावशी, पारूबाईंची गाठ आधीच वाईट असेल. सुईने फक्त ते सांगितलं."

"असल. नसल पन. मेल्या मानसाची साक्ष कोन देल?"

ही समजूत या भागात घरोघरी आहे आणि ती मूर्खपणाची नाही. गाठ होती, सुई लावली, माणूस गेलं. ज्यांनी एवढंच पाहिलं ते दुसरं काय म्हणतील? सुनंदाने वाद घातला नाही. पेटी उघडली आणि म्हणाली, "बरं, ते राहू दे. एक कांदा द्या."

ओटीच्या आढ्याला अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्यांची माळ टांगली होती. त्यातला एक सुरेखाने काढून दिला. सुनंदाने कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, आयोडीनचा थेंब टाकला आणि वर छोटी काच ठेवली. यंत्राच्या खालच्या आरशाला तिने सूर्यापासून फिरवून मोकळ्या आभाळाकडे केलं. थेट ऊन डोळ्यात घ्यायचं नसतं, हे तिने मला दोनदा बजावलं.

पहिला डोळा मी लावला. वरचं भिंग दहा पट, खालचं दहा पट, म्हणजे दिसतंय ते शंभर पट मोठं, एवढा हिशेब मनात झाला. मधोमध एक मोठं वर्तुळ होतं, काळ्याभोर काठाचं, अगदी गोल.

"मावशी, या! हे बघा केंद्रक. पेशीचा कारभारी. सगळं काम याच्या हुकमाने चालतं." शाळेत पाठ केलेलं मला आठवल्याचा आनंद झाला होता.

मावशींनी बघितलं. "काळजात धस्स होईल असा काळा हाय. हलतोय पन."

सुनंदाने येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तो हवेचा बुडबुडा आहे. तुम्ही दोघांनी काचेला धक्का दिलात."

मावशी इतक्या हसल्या की पदर गळ्यावरून सुटला आणि गाठ दिसली, मोठ्या बोराएवढी. "हिशेब्यानं बुडबुड्याला राजा केलान!" सुरेखाही तोंडाला हात लावून आत पळाली. त्या सकाळी त्या घरात पहिल्यांदा हसू आलं, तेव्हा बुडबुड्याचे आभारच मानले पाहिजेत.

सुनंदाने दुसरी काच तयार केली, या वेळी छोटी काच एका कडेने हळूहळू खाली टेकवत. मावशी वाकल्या. एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला.

"गो सुनंदा, हे तं आमचं आगर हाय."

मी बघितलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. एकाला एक लागून लांबट चौकोन, मध्ये बांध, पुन्हा चौकोन. भरावापूर्वी यांच्या घरामागे उभं राहिलं की मिठागर नेमकं असंच दिसायचं.

"यातला एकेक चौकोन म्हणजे एकेक पेशी," सुनंदा म्हणाली. "तुम्ही, मी, कांदा, बोंबील, सगळे पेशींचेच बनलेले. हे बांध दिसतात ना, ती पेशीभित्तिका. ती झाडांनाच असते, आपल्याला नसते. म्हणून झाड ताठ उभं राहतं आणि आपण मऊ. आत दाट पाण्यासारखं भरलंय ते पेशीद्रव. पेशीची बरीचशी कामं त्यातच चालतात. मधली मोठी मोकळी जागा म्हणजे पाणी साठवायची रिक्तिका. आणि आयोडीनने पिवळसर झालेला तो ठिपका—"

"बुडबुडा नाय ना?"

"नाही. तो खरा केंद्रक. पेशीने काय बनायचं, काय करायचं, कधी दोन व्हायचं, याची सगळी माहिती त्याच्यात असते."

मावशींनी पुन्हा डोळा लावला. मग वर न बघता विचारलं, "बांध हाय, पानी हाय. मंग उघाडी कुठं हाय?"

उघाडी म्हणजे बांधातली झडप. भरतीचं खाडीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं, नको ते बाहेर ठेवायचं, ही सगळी करामत तिथे. सुनंदाचा चेहरा उजळला. वर्गात असा प्रश्न विचारणारं कोणी भेटत नाही, असं ती मला नंतर म्हणाली.

"आहे की. बांधाच्या आतून एक पातळ अस्तर असतं, पेशीपटल. तीच उघाडी. ती झाडात असते आणि आपल्यातही असते. पण ती दाखवायला तांबडा कांदा लागेल."

घरात तांबडा कांदा नव्हता. मी नाक्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक कांदा वजन करून द्यायला नकार दिला आणि तसाच हातावर ठेवला. परत आलो तर सुनंदा मीठ मागत होती आणि सुरेखा पिशवीतलं मीठ घेऊन उभी होती.

"ते नको," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या. चिनी मातीची एक बरणी घेऊन आल्या. तोंडाला फडकं बांधलेलं. आत राखाडी छटेचं खडे मीठ, तळाला थोडंसं. "आमच्या आगराचं शेवटचं. सणाला काढतंय चिमूट चिमूट."

"मावशी, प्रयोगाला कशाला? कुठलंही चालेल."

"आगर बगायचं तं मीठ आगराचंच पायजे."

तांबड्या कांद्याच्या सालीचा रंगीत पापुद्रा काचेवर गेला. आधी साध्या पाण्यात पाहिला. प्रत्येक चौकोन जांभळ्या रंगाने कडेपर्यंत भरलेला. मग सुनंदाने मावशींच्या मिठाचं पाणी एका बाजूने सोडलं आणि दुसऱ्या बाजूने टिपकागदाने ओढून घेतलं. मावशी डोळा लावूनच होत्या.

"अरे... आटतंय. बांध तिथंच हाय आनि आतलं आटत चाललंय!"

बांधापासून सुटून जांभळा रंग चौकोनाच्या मध्यावर गोळा होत होता. सुनंदाने सांगितलं, की पटल पाण्याला सहज वाट देतं पण मिठाला तशी देत नाही. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर निघून जातं.

"मंग खारवलेली मासळी सुकते ती..."

"तशीच. आणि आता बघा." सुनंदाने मीठपाणी काढून पुन्हा साधं पाणी सोडलं. थोड्या वेळाने जांभळा गोळा पसरू लागला आणि बहुतेक चौकोन पुन्हा कडेपर्यंत भरले.

"भरली गो, परत भरली!" मावशी सरळ बसल्या. डोळा चोळला. "कांद्याला सोललं, खारवलं, धुतलं. खवळला नाय."

इथे सुनंदाने गप्प बसायला हवं होतं असं मला वाटलं. पण ती खरं तेच बोलते. "मावशी, कांद्यावरून गाठीचं काही सिद्ध होत नाही हं. हे तुम्हाला फसवून मी नेणार नाही."

"सिद्ध कोन मागतंय?" मावशी म्हणाल्या. "माज्या गळ्यात काय चाललंय ते मना अशाच काचेतून दिसल का, ते सांग. माज्या डोळ्यांनी. दिसल तं येतंय. कागदावर लिहून देनार असल तं नाय."

म्हणजे भीती सुईची होती तेवढीच न दिसणाऱ्या गोष्टीचीही होती. हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

पनवेलच्या जुन्या भागात पेशींची तपासणी करणाऱ्या एक डॉक्टर आहेत. त्यांची मुलगी सुनंदाच्या वर्गात आहे. ओटीवरूनच फोन लावला. पेशंटला काच दाखवायची पद्धत नाही, त्या म्हणाल्या, पण मनाईही नाही. दुपारी या.

जेवल्याशिवाय सोडतील त्या मावशी कसल्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाचं कालवण. जेवताना पुढचे प्रश्न सुरू झाले. पेशीला दम कुठून येतो? सुनंदा म्हणाली, तंतुकणिका नावाचे बारीक बारीक भाग असतात. आपण खाल्लेल्या अन्नाची पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा ते करतात, त्यासाठी श्वासातला प्राणवायू लागतो.

"म्हनजे चुली."

"चुलीच. एका पेशीत शेकड्यांनीही असू शकतात."

सुरेखा कंटेनर यार्डाच्या गेटवर पास बनवायचं काम करते. तिने विचारलं, मग पेशी बनवते काय? सुनंदाने सांगितलं, की केंद्रकातून आलेल्या निरोपाप्रमाणे रायबोझोम प्रथिनं बनवतात, जाळ्यासारख्या नळ्यांतून ती पुढे जातात, गॉल्गी संकुलात त्यांची बांधाबांध होते आणि हवी तिथे पाठवणी.

"हे तर आमचंच यार्ड झालं," सुरेखा म्हणाली. "माल आला, पॅक झाला, शिक्का बसला, गेटमधून बाहेर."

"आनि कचरा? तुमच्या यार्डाचा तं आमच्या दारात येतो," मावशींनी सुनेला टोमणा मारला.

"पेशीत लयकारिका असतात. मोडकं, जुनं, बाहेरून घुसलेलं, सगळं तिथे विरघळवून टाकतात."

"म्हनजे यार्डापेक्षा पेशी बरी," मावशी म्हणाल्या आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली. नको म्हणून उपयोग नसतो, हे मला पेजेच्या दिवसांपासून माहीत आहे.

निघताना मावशींच्या हातात एक पिशवी होती. कोणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही इथली रीत, मग तो दवाखाना का असेना. पिशवीत डॉक्टरांसाठी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणि सुके बोंबील होते. काचा बंद करून गाडीत बसणं शक्य नव्हतं आणि उघड्या ठेवल्या तर ट्रेलरची धूळ. आम्ही धूळ पत्करली. मावशी मागच्या सीटवर सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी बसल्या, आणि सुनंदाने मागे वळून दोघांचेही पट्टे नीट आहेत ना ते पाहिलं. मावशींच्या आगराच्या जागेवरच्या यार्डाची भिंत मागे पडली तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलं नाही. गव्हाण फाट्यानंतर त्यांचं बोलणं थांबलं. पनवेल येईपर्यंत हात गळ्यावर होता.

दवाखान्यात सुई लावायला फार वेळ लागला नाही. सुनंदाने हात धरला होता. मावशी "झालं?" म्हणाल्या, डॉक्टर "झालं" म्हणाल्या, आणि कापसाचा बोळा गळ्यावर दाबून मावशी बाहेर येऊन बाकावर बसल्या. काचा रंगवायला आत नेल्या.

हे वाट पाहणं त्या दिवसातलं सर्वांत लांबचं अंतर होतं. मी भिंतीवरच्या फरशा मोजायला लागलो. आडव्या ओळी गुणिले उभ्या ओळी एवढंच काम, पण आकडा दोनदा चुकला. सुनंदा पापण्या न हलवता दाराकडे बघत होती. मावशी मात्र मदतनीस बाईला सोडे कसे शिजवायचे ते सांगत होत्या. आवाज थोडा मोठा होता, नेहमीपेक्षा.

दार उघडलं. "आजी, या. तुम्हाला बघायचंय ना?"

डॉक्टरांच्या यंत्राला समोरासमोर दोघांनी बघायची सोय होती. मावशींना स्टुलावर बसवलं. डॉक्टरांनी भिंग फिरवलं, चारशे पट.

"हे निळं-जांभळं दिसतंय?"

"दिसतंय. ह्यात बुडबुडा नाय ना?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. सुनंदा म्हणाली, "ते नंतर सांगते."

"नाही, आजी. या तुमच्या पेशी. कशा एकमेकींना चिकटून बसल्यात, मधाच्या पोळ्यासारख्या. यांना भिंत नसते, नुसतं पटल. आणि प्रत्येकीत गडद गोल ठिपका आहे तो केंद्रक. मी मुख्य बघते ते हेच. वाईट गाठीत हे ठिपके बिघडतात. लहान-मोठे, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले. केंद्रक बिघडला की पेशी कोणाचं ऐकत नाही, नुसती वाढत सुटते."

"आनि माजं?"

"तुम्हीच सांगा. कसे दिसतात?"

मावशींनी खूप वेळ घेतला.

"सारखे हायत," त्या म्हणाल्या. "एका मापाचे. रांगेत."

"मलाही तसेच दिसतात," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ साधी आहे. वाईट काही दिसत नाही."

सुनंदाने तोंड भिंतीकडे वळवलं. मावशींनी डोळा काढला नाही. हात जोडले, त्या यंत्रासमोरच, आणि म्हणाल्या, "बायांनो, मना म्हायती पन नव्हतं तुमी हायत."

डॉक्टरांनी पुढचंही स्पष्ट सांगितलं, तेही लिहायला हवं. लेखी अहवाल उद्या मिळेल. सुईच्या तपासणीतून कधी कधी एखादी गोष्ट निसटते, म्हणून गाठ सांगितल्या वेळी पुन्हा दाखवायची, वाढली तर लगेच यायचं. मग त्यांनी विचारलं, मीठ कुठलं खाता? मावशी अभिमानाने म्हणाल्या, बाजारातलं खडे मीठ, पिशवीतलं आनते ती सून, मना नाय चव लागत. डॉक्टर म्हणाल्या, गळ्यातल्या या थायरॉइडच्या पेशी आयोडीन घेऊनच आपलं काम करतात, आणि खडे मिठात ते घातलेलं नसतं. गाठ त्यानेच झाली असं मी म्हणत नाही, पण रोजच्या जेवणाला आयोडीनचं वापरा.

मावशींनी मान डोलावली आणि पिशवी टेबलावर ठेवली. खोलीभर वास पसरला. मदतनीस बाईने खिडकी उघडली. डॉक्टर म्हणाल्या, "माझे सासरे आज मला आशीर्वाद देतील."

मावशींना सोडायला पुन्हा जासईला गेलो. या वेळी त्या सगळी वाट बोलत होत्या, आणि यार्डाच्या भिंतीपाशी स्वतःहून म्हणाल्या, "हितंच होतं आगर. कांद्यासारखं." सुरेखा दारातच उभी होती. फोनवर कळलं होतं तरी तिने सासूबाईंना धरून आत नेलं आणि बराच वेळ दोघी बाहेर आल्या नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा मावशींच्या हातात कागदाची पुडी होती. बरणीतलं उरलेलं मीठ.

"मावशी, हे तुमचं शेवटचं आहे."

"मना आता पिशवीतलं खायचं हाय. तुमी न्या. आनि हिशेब्या, कपाटात ठेवून मोजत बसू नको. पानी सुटतं त्याला."

खांदा कॉलनीत पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. सुनंदाने सूक्ष्मदर्शक पुसून पेटीत ठेवला. मी पुडी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो. विषमज्वराच्या त्या दिवसांत माझ्या शरीरातल्या किती पेशी मोडल्या आणि किती नव्या झाल्या, याचा आकडा मला काढता येणार नाही. त्या नव्या झालेल्यांत मावशींची पेज होती आणि पेजेत याच आगराचं मीठ होतं, एवढं मात्र नक्की.

सुनंदाने डाळीला फोडणी दिली. मी पुडी सोडून तिच्यापुढे धरली. "किती घालू?" तिने विचारलं. मला सांगता आलं नाही. तिने चिमूट घेतली, मग आणखी एक.

डाळ जराशी खारट झाली. आम्ही दोघांनी ती पूर्ण संपवली.